थोरला वाफा

भाऊसोनं लहान सिलिंडर उचलून सायकलच्या कॅरियरवर आडवा ठेवला, सुतळीचे वेढे दिले, गाठ दातांनी ओढून घट्ट केली आणि हात झटकत, आज ऊन फार आहे म्हणावं इतक्या सहज तो म्हणाला, "मास्तर, हरिपुरात पेवात माणसं मरत्यात ती ह्याच ग्यासनं म्हणं. आनि तुमी त्यो झाडास्नी पाजताय. कमाल हाय बघा तुमची!" मग तो आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसला, आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकासाठी त्याने सोड्याची एक बाटली उचलून अंगठ्याने गोळी आत दाबली. फस्स करून फेस वर आला, गिऱ्हाईक घटाघटा प्यायलं, ढेकर देऊन पुढं गेलं. कृष्णात सायकलचं हँडल धरून तिथंच उभा राहिला. दुकान रोजचं, भाऊसो रोजचा, सिलिंडरही आठवड्यातून एकदा न्यायचा तोच. पण सायकलला टांग मारायची तर आधी कुठला पाय उचलतात, हेच त्याला क्षणभर आठवेना.

भाऊसोनं नवीन असं काहीच सांगितलं नव्हतं. कृष्णात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. कार्बन डायऑक्साइडचं सूत्र त्याने फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं होतं की खडू आपोआप वळायचा. तो वायू हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागेत साचतो, दिवा विझवतो, हेही तो मुलांना सांगायचा. नीट सांगायचा, मुलं उतरून घ्यायची. आणि आपला थोरला भाऊ नाथाजी हरिपुरात हळदीच्या पेवात उतरला आणि वर आला तो मेलेलाच आला, हेही त्याला ठाऊक होतं. पण ह्या दोन गोष्टी त्याच्या मनात दोन वेगळ्या घरांत राहत होत्या आणि त्या घरांचं एकमेकांकडे जाणं-येणं नव्हतं. एक घर फळ्याचं, पुस्तकांचं. दुसऱ्या घरात आई म्हणायची, "माझ्या नाथाला पेवानं घ्येतला." पेवानं घेतला, असंच. वायूचं नाव तिथं कुणी काढलं नव्हतं, त्यानं तर नाहीच. इतका शिकलेला माणूस, आणि इतकी वर्षं त्याने ही एवढीशी भिंत कशी सांभाळली, याचं आपण नवल करावं. पण शिकलेल्या माणसाइतकी पक्की भिंत दुसऱ्या कुणाला बांधता येत नाही. भाऊसोनं ती बाटलीतल्या गोळीसारखी अंगठ्याने आत ढकलली.

तो गणपती पेठेतून सायकल हातात धरूनच चालत निघाला. गौरी-गणपती होऊन गेले होते, मांडवांचे बांबू अजून रस्त्याकडेला पडलेले. हळदीच्या अडत्यांच्या दुकानांसमोरून जाताना तो नेहमी वेग वाढवायचा, आज चालत असल्यामुळे तो वास सगळाच्या सगळा अंगावर आला. सांगलीत राहून हळदीचा वास टाळायचा म्हणजे नदीत राहून कोरडं राहायचं. पण त्याच्या घरात तो टाळला जायचा. नाथाजी जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून आईनं घरात हळद आणली नव्हती. आमटी पांढरी, भाजी फिकट, पोह्यांचा रंग पोह्यांसारखाच. पाहुणे पहिला घास घेऊन ताटाकडे बघायचे आणि मग समजून गप्प जेवायचे. त्याच्या लग्नाचं बोलणं दोनदा आलं आणि दोनदा गेलं. कारण कुणी स्पष्ट बोललं नाही, पण नवऱ्या मुलाला हळद लावायला आई उठणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही ती उठावी असं वाटत नव्हतं.

माणच्या कोरड्या मुलखातली ही माणसं. दहिवडीच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला चार एकर खडकाळ रान, थोडी मेंढरं. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, विहिरीच्या तळाशी शेवाळसुद्धा उरलं नाही, तेव्हा नाथाजी आईला आणि बायकोला घेऊन खाली कृष्णाकाठी आला. कृष्णात तेव्हा कराडला बी. एस्सी.च्या वर्गात होता. नाथाजी अंगानं दणकट, आवाज मोठा, हसला की शेजारच्या घरात कळायचं. हरिपुरात पेवांवर त्याला काम मिळालं. जमिनीत खोल खणलेली ती कोठारं, तोंड एवढंसं की माणूस कसाबसा उतरेल, आत मात्र खोलीएवढी जागा, आणि त्यात पोती न् पोती हळद. वरून तोंड लिंपून मातीनं बुजवलं की हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. कीड का लागत नाही, तर आत हवाच उरत नाही म्हणून, हे कृष्णातनं भावाला एका सुट्टीत मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं होतं. नाथाजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आरं लेका, ते आमाला ठावं हाय. तोंड उघडलं की आमी आदी कंदील सोडतो. कंदील जळला तर मानूस उतरतो, विजला तर बिडी वडत बसायचं." तीच तिथली रीत होती. पेव उघडायचं, वारा आत जाऊ द्यायचा, दोरीनं कंदील खाली सोडायचा, वर ओढून बघायचा. घाई कुणी करायची नाही.

त्या वैशाखात घाई झाली. पेव सकाळी उघडलेलं, कंदील सोडलेला, तो विझून वर आलेला. सगळे बाभळीखाली बसले. दुपारी पश्चिमेकडून वळीव चढून आला. पाणी उघड्या पेवात शिरलं तर सगळी हळद कुजणार, म्हणून गुंडा नावाचा जोडीदार कुणाचं न ऐकता उतरला, आणि उतरला तसा खाली बसला. नाथाजी दोर घेऊन मागोमाग उतरला. कंदील विझलेला त्याने स्वतः वर ओढला होता. म्हणजे ठाऊक असून उतरला. त्याने गुंडाच्या काखेतून दोर घेतला, गाठ मारली, वरून ओढा म्हणून हिसका दिला. गुंडा वर आला, अंगावर पाणी मारल्यावर श्वास घ्यायला लागला. दोर परत खाली गेला तेव्हा तो धरायला खाली कुणी उरलं नव्हतं. कृष्णात कराडहून पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. घरात भावाचे कपडे होते आणि तो कंदील होता; कुणीतरी नाथाचं सामान म्हणून आणून दिलेला. गुंडा पुढं मुंबईला गोदीत लागला, इकडे फिरकला नाही. त्याचा राग आईनं कधी केला नाही. कंदील मात्र तिनं स्वयंपाकघरात खुंटीला अडकवला. दर शनिवारी ती त्याची काच राखेनं घासते, पुसते, परत अडकवते. पेटवत नाही.

वायू जड असतो. वायू जड असतो, म्हणून नाथादादा दोर बांधायला वाकला असेल तेव्हा तोंड थेट त्यातच गेलं असेल. सायकल ढकलत ढकलत कृष्णात हा विचार पहिल्यांदा करत होता, आणि एकदा सुरू झाल्यावर तो विचार थांबेना. गाठ मारायला वाकावं लागतं. उभा राहिला असता तर कदाचित. कॅरियरवरच्या सिलिंडरचा थंड लोखंडी स्पर्श मांडीला मधूनच लागत होता. आत गपगार पडून होता तो वायू. त्याला काय, कुणाच्या छातीत जायचं आणि कुणाच्या पानात, सारखंच.

कॉलेजच्या मागं पडीक जागेत त्याचे दोन वाफे होते. पेरलेलं होतं सोयाबीन. तेव्हा हे पीक इकडे कुणाला धड ठाऊक नव्हतं; आईनं बी हातात घेऊन विचारलं होतं, "ह्यो कसला रं पावटा?" दोन्ही वाफ्यांत बी एक, माती एक, पाणी एक. चारी बाजूंनी बांबू रोवून कमरेपर्यंत प्लॅस्टिकचा कागद ताणलेला, वरून उघडं आभाळ. एका वाफ्यात जमिनीलगत भोकं पाडलेली नळी फिरवलेली. ऊन वर आलं की सिलिंडरची किल्ली किंचित सैल करायची, उन्हं उतरली की बंद. दुसऱ्यात नुसती सांगलीची हवा. कोळसा आणि तेल जाळून जाळून साऱ्या जगाच्या हवेत हा वायू वर्षागणिक थोडा थोडा चढतो आहे, असं त्याने एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. मग पुढच्या पिढ्यांच्या हवेत हे पीक कसं येईल, दाणा जास्त देईल की नाही, एवढाच त्याच्या प्रबंधाचा प्रश्न होता. साधा, चौकोनी प्रश्न. आज मात्र तो प्रश्न चौकोनी राहिना. हळूहळू साऱ्या जगाचंच पेव होतंय, आणि कंदील सोडून बघायला वर कुणीच नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. हे खरं नाही, हवेत तो वायू नखाएवढा, त्याने कुणी मरत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. माहीत असण्याचा अशा वेळी काडीचा उपयोग होत नाही.

गेल्या वर्षी वायू पाजलेल्या वाफ्यातला पाला बघून तो हरखला होता. पानं तळहाताएवढी, झाडं कागदाच्या वर डोकी काढणारी, मुळांवरच्या गाठी टपोऱ्या. मळणी केली तेव्हा दाणाही जास्त भरला. पण पाल्याच्या मानानं हात आखडताच. जेवढी हवा खाल्ली तेवढा हिशेब शेंगेत उतरला नव्हता. सोयाबीन घेतं उदंड, देताना मात्र बेतानं देतं. पण दुसरी एक गोष्ट त्याच्या जिवाला लागली होती. श्रावणात पावसानं ओढ दिली तेव्हा साध्या वाफ्यातली रोपं दुपारी माना टाकायची आणि वायूच्या वाफ्यातली उभी राहायची. ही हवा पोटभर मिळाली की पान आपली बारीक तोंडं थोडी मिटून घेतं, आणि तोंडं मिटली की पाणी कमी उडतं. माणच्या कोरड्या मुलखाला आणखी काय पाहिजे? वायूच्या वाफ्यापुढं उभा राहून तो नकळत हिशेब करायचा, की आमचं एवढं घेतलंस, आता काहीतरी दे. कुणाशी बोलतोय हे तो स्वतःलाही सांगत नव्हता. आज भाऊसोनं सांगून टाकलं.

आणि त्या वाफ्यात रोज सकाळी त्याची आई, मनुबाई, खुरपायला येत होती. तिला शेत सुटून वर्षं झालेली, हात मातीसाठी तडफडायचे. पहिल्या दिवशी तिनं नळी बघून विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "हवेतलं खत हाय, आयं." खोटं नव्हतं. खोटं नसलेल्या गोष्टीइतकं सोयीचं लपण दुसरं नाही. त्या वाफ्याची रोपं उंच झाली तशी आईनं दोन्ही वाफ्यांची नावं पाडली: हा थोरला, तो धाकटा. "थोरला बग कसा दांडगा झालाय," म्हणायची. "धाकट्याला जरा पानी जास्ती सोड, किरकिरा हाय." थोरल्या वाफ्यात खुरपताना तिचा हात जास्त वेळ रेंगाळायचा, पानं ओंजळीत घेऊन ती काहीतरी पुटपुटायची. पेवानं पोराला घेतल्यापासून ती हसायची विसरली होती, ती ह्या वाफ्यात दोन-तीनदा हसली होती. आणि कृष्णात बाजूला उभा राहून किल्ली सैल करायचा.

तो घरी आला तेव्हा अंजनावैनी दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. नाथाजीची बायको. माहेरी चल म्हणून त्यांचा भाऊ न्यायला आला होता, गेल्या नाहीत. "आत्याबाईंचं कोन बगंल?" एवढंच बोलल्या आणि त्यावर पुन्हा चर्चा होऊ दिली नाही. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"भाऊसोची बायकू नळावर बोलत हुती," त्या हळू म्हणाल्या. "सोड्याचा ग्यास आनि पेवातला ग्यास येकच, म्हनली. खरं हाय भावजी?"

"खरं हाय."

"तुमास्नी कवापास्नं ठावं?"

त्याने सायकल भिंतीला टेकवली. वैनींनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांनी पदर घेतला नाही, मनगटच फिरवलं.

"मला ठावं असतं तरी मी गप ऱ्हायले असते," त्या म्हणाल्या. "आत्याबाई त्या रानात जात्यात म्हनून चार घास खात्यात. पन आता नळावरनं आत्याबाईंच्या कानावर जायच्या आदी तुमी सांगा. परक्याच्या तोंडनं ऐकलं तर त्या मरतील. तुमच्या तोंडनं ऐकलं तर काय हुईल मला न्हाई ठावं."

त्या संध्याकाळी आमटी पांढरीच होती. आई धाकट्याला तांबेरा पडतोय की काय, यावर बोलत जेवली. खुंटीला कंदील होता. कृष्णातला वाटलं, प्रबंध फाडून टाकावा, वाफे मोडावेत, आईला सांगावं कॉलेजनं जागा परत घेतली. असं केलं तर तिचा थोरला जाणार. सांगितलं तरी जाणार. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी नेतात हे कळल्यावरही माणूस बराच वेळ दुसरी वाट शोधत राहतो.

सकाळी वाफ्याच्या कडेला त्याने सांगितलं. आई खुरपं घेऊन उकिडवी बसली होती, पाठमोरी. तिच्या पाठीकडे बघत बोलणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, ते गेलं नाही. "आयं, ह्या नळीतनं जातंय ते... पेवात जे साचतं न्हवं, त्योच वायू हाय ह्यो. नाथादादा ज्यानं गेला त्यो." खुरपं थांबलं. ती वळली नाही. थोरल्या वाफ्यातल्या रोपांची खालची पानं पिवळी पडायला लागली होती, शेंगा भरल्या की पडतात तशी. त्या पिवळ्या रंगाकडे तो वेड्यासारखा बघत राहिला. मग ती उठली, लुगड्याची माती झटकली, खुरपं बांधावर ठेवलं आणि घराच्या रस्त्याला लागली. त्याने मागून हाक मारली नाही. किल्लीला हात न लावता तो तिथंच मातीत बसला. त्याचा भाऊ मेला तेव्हा तो रडला नव्हता. परीक्षा जवळ होती, आईला धरायचं होतं, वैनींना धरायचं होतं. आता दोन हिरव्या वाफ्यांच्या मध्ये बसून तो तोंडात पंजा कोंबून रडला. एवढा मोठा मास्तर माणूस, कॉलेजचा शिपाई बघत असेल याचंही त्याला भान राहिलं नाही.

उन्हं वर आल्यावर ती परत आली. मागं अंजनावैनी होत्या. आईच्या हातात कंदील होता, आणि त्याच्या कडीला दोर बांधलेला होता. काच लख्ख. तिनं तो बांधावर ठेवला, काच वर केली, काडी ओढली. पाच वर्षं न पेटवलेली वात, पण तिनं तेल घालून आणलं होतं. ती पेटली.

"किल्ली सोड," ती म्हणाली.

"आयं..."

"सोड म्हनते न्हवं. रोज सोडतुस तशी सोड."

त्याने किल्ली सैल केली. नळीतून बारीक सूं असा आवाज सुरू झाला. मनुबाईनं दोर हातात गुंडाळला आणि ताणलेल्या कागदावरून कंदील थोरल्या वाफ्यात सोडला. हळूहळू, पानं बाजूला सारत, तो जमिनीला टेकेपर्यंत. भर उन्हात ज्योत दिसत नव्हती. आई कागदावरून वाकली आणि तळहाताची सावली धरून बघत राहिली. कृष्णातला पक्कं ठाऊक होतं की कंदील विझणार नाही, तरी तोही कागदाच्या काठाशी येऊन वाकला. वैनींनी तोंड फिरवलं होतं.

"जळतोय," आई म्हणाली. "विजत न्हाई?"

"न्हाई आयं. हितं वरनं उघडं हाय. आनि आपन सोडतो ते लय थोडं."

"आनि सोडल्यालं झाडं खात्यात."

"व्हय. खात्यात."

"त्येच्यावरच वाडल्यात व्हय ही?"

"त्येच्यावर वाडल्यात."

तिनं एक पान बोटांत धरलं, त्याची पालथी बाजू बघितली, सोडलं नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मंग त्या पेवाच्या तोंडाला लावायचीस की रं चार रोपं," ती म्हणाली. "तू तवा कालिजात शिकत हुतास न्हवं? तुला ठावं हुतं न्हवं? चार रोपं लावली असती तर खाल्लं असतं त्येनी समदं. मग माजा नाथा उतरला असता, आनि आला असता वर."

त्याच्याकडे उत्तर होतं. दरवर्षी पहिल्या सत्रात तो तेच उत्तर फळ्यावर लिहायचा. उजेड असेल तरच पान हा वायू खातं. अंधारात पान काही खात नाही. अंधारात पान माणसासारखाच श्वास सोडतं, आणि सोडतं ते हेच. पेवात उजेड नसतो. चार रोपं काय, अख्खं शेत लावलं असतं तरी नाथादादाला काही उपयोग नव्हता, कुणाचाच काही उपयोग नव्हता, आयं. उत्तर जिभेवर आलं आणि त्याने आईच्या बोटांतल्या पानाकडे बघितलं. ते पान तिच्या हातातून काढून घ्यायचं धाडस त्याला झालं नाही. दोष त्याच्या अंगावर येत होता, तर येऊ दे.

"व्हय आयं," तो म्हणाला. "लावायला पायजे हुती."

तिनं मान हलवली, समजलं अशी. मग पान सोडलं, दोराचा पीळ सोडवला आणि दोन्ही हातांनी कंदील वर ओढायला लागली. खरं तर एका हातानं सहज आला असता एवढा हलका. पण ती हात पुढं टाकत, पाय रोवून, फार जपून ओढत होती, खाली कुणाला तरी बांधलं असावं तशी. अंजनावैनी पुढं आल्या आणि त्यांनीही दोर धरला. थोरल्याची पानं हलली, आणि कंदील जळत वर आला.